पंधरा सामन्यांनंतर कोण वरचढ? एनबीए संघांची सुरुवातीची क्रमवारी कशी लावायची

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये एनबीएत, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, डेट्रॉइट पिस्टन्सचे हंगामातले पहिले तीन सामने झाले. मायामीकडून ते एका गुणाने हरले, शार्लटला त्यांनी १२ गुणांनी हरवलं आणि शिकागोला १६ गुणांनी. तीनपैकी दोन विजय, सरासरी गुणफरक (केलेले गुण वजा समोरच्याला दिलेले गुण) +९. त्यानंतर याच संघाने ओळीने २८ सामने गमावले. एकाच हंगामात इतके सलग पराभव त्याआधी एनबीएच्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आले नव्हते. हंगामाअखेर हिशोब होता १४ विजय आणि ६८ पराभव.

पुढच्याच वर्षी याच्या उलट घडलं. २०२४-२५मध्ये इंडियाना पेसर्स २५ सामन्यांनंतर १०-१५ वर (दहा विजय, पंधरा पराभव) अडखळत होते. अँड्र्यू नेमहार्ड आणि ॲरन नीस्मिथ जायबंदी होते, दोन राखीव सेंटर (रिंगजवळ खेळणारे उंच खेळाडू) टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटल्याने हंगामाबाहेर गेले होते. उरलेल्या ५७ सामन्यांपैकी ४० त्यांनी जिंकले, आणि अंतिम फेरीत ओक्लाहोमा सिटी थंडरला सातव्या सामन्यापर्यंत झुंजवलं.

सुरुवातीचा गुणतक्ता पाहून या दोन संघांबद्दल कुणी मत बनवलं असतं तर दोन्ही वेळा फसला असता. तक्ता झालेल्या सामन्यांचा जमाखर्च मांडतो, आणि ते काम तो चोख करतो. क्रमवारी लावणाऱ्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: हे दोन संघ उद्या तटस्थ मैदानावर समोरासमोर आले तर कोण जिंकेल, आणि साधारण किती गुणांनी? तीसही संघांना या प्रश्नाच्या उत्तरादाखल एकेक आकडा द्यायचा. सरासरी संघाचा आकडा शून्य. +६ म्हणजे सरासरी संघापेक्षा सामन्यामागे सहा गुणांनी सरस. आकडे लागले की क्रमवारी आपोआप लागते. सगळी मेहनत तो आकडा काढण्यात आहे, कारण नोव्हेंबरच्या मध्यावर ८२पैकी जेमतेम दहा-पंधरा सामने झालेले असतात.

आधी गुणफरक, मग विजय

तक्त्यात एका गुणाचा विजय आणि तीस गुणांचा विजय सारखाच मोजला जातो. पण एका गुणाचा विजय बहुतेक वेळा शेवटच्या फटक्यावर, एखाद्या शिट्टीवर किंवा रिंगवर नाचून आत पडलेल्या चेंडूवर ठरतो. तीन गुणांच्या आत संपलेले सामने जवळजवळ नाणेफेकीसारखे असतात. एखादा संघ असे सहाच्या सहा सामने जिंकला, तर पुढचे सहाही तो जिंकेल असं मानायला फारसा आधार नसतो. म्हणून संघाची ताकद जोखायला विजयांपेक्षा गुणफरक जास्त भरवशाचा, आणि सामने जितके कमी तितका हा नियम जास्त लागू.

गुणफरकाचं विजयांत रूपांतर करायला एक जुनं सूत्र आहे. बेसबॉलसाठी बिल जेम्स यांनी ते मांडलं आणि डॅरिल मोरी यांनी बास्केटबॉलला जुळवून घेतलं. संघाने केलेल्या गुणांचा १४वा घात घ्यायचा, आणि त्याला केलेल्या व दिलेल्या गुणांच्या १४व्या घातांच्या बेरजेने भागायचं. (मोरी यांचा मूळ घातांक १३.९१ होता, जॉन हॉलिंजर यांनी १६.५ वापरला. व्यवहारात १४ पुरतो.) समजा एक संघ सामन्यामागे ११६ गुण करतो आणि ११२ देतो. सूत्रातून उत्तर येतं ०.६२, म्हणजे ८२ सामन्यांत साधारण ५१ विजय. घात काढायचा कंटाळा असेल तर तोंडी हिशोबही चालतो: ४१ विजय ही सरासरी, आणि गुणफरकाच्या प्रत्येक गुणामागे अडीच विजय. +४ म्हणजे ४१ अधिक १०.

आता हाच संघ पहिल्या पंधरा सामन्यांनंतर १२-३ वर उभा असेल, तर त्याच्या गुणफरकाला शोभणारे विजय नऊच्या आसपास आहेत. वरचे तीन विजय निसटत्या सामन्यांतून आलेत. ते तक्त्यातून कुणी काढून घेणार नाही, पण पुढच्या अंदाजात त्यांना धरायचं नाही.

याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे २०१०-११चा मायामी हीट. लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि क्रिस बॉश पहिल्यांदाच एकत्र आले, आणि सुरुवात झाली ९-८ने. प्रयोग फसला असं तेव्हा सगळीकडे म्हटलं जात होतं. पण त्यांचे विजय मोठे होते, गुणफरक चांगल्या संघाला शोभेल असा होता. उरलेल्या ६५ सामन्यांत त्यांनी ४९ जिंकले आणि अंतिम फेरी गाठली.

सामन्याऐवजी शंभर पझेशन

गुणफरकालाही एक दुरुस्ती लागते. काही संघ पळत खेळतात, काही चेंडू खेळवत बसतात. पळणाऱ्या संघाचे दोन्ही बाजूंचे गुण फुगतात, आणि आक्रमण भारी, बचाव भिकार असा चुकीचा समज होतो. म्हणून गुण शंभर पझेशनमागे मोजतात. पझेशन म्हणजे चेंडू ताब्यात आल्यापासून तो समोरच्या संघाकडे जाईपर्यंतची एक खेळी. सामन्याच्या नोंदीतून त्यांची संख्या काढता येते. त्यात फील्ड गोल म्हणजे खेळ चालू असताना केलेली बास्केट, आक्रमक रिबाउंड म्हणजे आपल्याच हुकलेल्या फटक्यावर पुन्हा पकडलेला चेंडू, टर्नओव्हर म्हणजे फटका न टाकताच चेंडू गमावणं, आणि फ्री थ्रो म्हणजे फाउलनंतर मिळणारा विनाअडथळा फटका:

फील्ड गोलचे प्रयत्न − आक्रमक रिबाउंड + टर्नओव्हर + (०.४४ × फ्री थ्रोचे प्रयत्न)

०.४४ कशासाठी? प्रत्येक फ्री थ्रोने पझेशन संपत नाही. दोन फ्री थ्रो मिळून एक खेळी संपते. बास्केट होऊन वर मिळालेला एक फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा फ्री थ्रो वेगळी खेळी धरत नाहीत. या सगळ्याची सरासरी ०.४४च्या जवळ बसते. एका सामन्यात ९० प्रयत्न, १० आक्रमक रिबाउंड, १४ टर्नओव्हर आणि २२ फ्री थ्रो असतील तर पझेशन झाली साधारण १०४. गुण ११८ असतील तर शंभरामागे ११३.८, समोरच्याचे ११२ असतील तर १०८. निव्वळ फरक +५.८.

सामना जादा वेळेत गेला असेल तर तो बरोबरीच्या जवळचा सामना म्हणूनच धरावा. ४८ मिनिटांत दोन्ही संघ सारखेच ठरले होते, ही त्यातली खरी माहिती.

आणखी एक गाळणी लावावी लागते. चौथ्या क्वार्टरमध्ये (शेवटच्या १२ मिनिटांत) सामना हातातून गेला की दोन्ही बाजूंचे मुख्य खेळाडू बाकावर बसतात आणि पंचविसाची आघाडी चौदावर येते, किंवा पस्तिसावर जाते. त्या मिनिटांतून संघाबद्दल फारसं कळत नाही. क्लीनिंग द ग्लास या विश्लेषणाच्या संकेतस्थळाचा नियम वापरायला सोयीचा आहे: फक्त चौथं क्वार्टर, पहिल्या तीन मिनिटांत फरक २५ किंवा जास्त, पुढच्या तीन मिनिटांत २० किंवा जास्त, शेवटच्या सहा मिनिटांत १० किंवा जास्त, आणि दोन्ही संघ मिळून मैदानावर सुरुवातीच्या पाचांतले दोनपेक्षा जास्त खेळाडू नसावेत. इतकं जुळलं तर ती मिनिटं हिशोबातून वगळायची.

कोणत्या आकड्यावर कधी विश्वास ठेवायचा

क्रमवारी लावणारे सर्वात जास्त चुकतात ते इथे, म्हणून हा भाग सावकाश पाहू.

दहा सामन्यांनंतर एखाद्या संघाचा बचाव लीगमध्ये पहिला आहे असं दिसलं, की आधी एक आकडा उघडायचा: समोरच्या संघांचे त्यांच्याविरुद्धचे थ्री पॉइंटर, म्हणजे तीन गुणांचे लांबचे फटके, किती टक्के आत गेले? लीगची सरासरी ३६ टक्क्यांच्या आसपास असते. या संघाविरुद्ध ती ३१ असेल, आणि प्रतिस्पर्धी सामन्यामागे ३७ थ्री टाकत असतील, तर पाच टक्क्यांच्या या फरकाची किंमत सामन्यामागे साडेपाच गुण होते. हुकलेले काही फटके आक्रमण करणाराच पुन्हा पकडतो, त्यामुळे खरा परिणाम थोडा कमी; तरी चार-पाच गुण कुठे गेले नाहीत. चांगल्या आणि सामान्य संघातलं अख्खं अंतर बहुधा एवढंच असतं.

यात बचावाची कमाई किती? थोडीच. बचाव करणारा संघ समोरच्याला किती थ्री टाकू द्यायचे, कोपऱ्यातून की वरून, मोकळे की हात वर असताना, हे बऱ्यापैकी ठरवतो. चेंडू हातातून सुटल्यावर तो आत जाणार की नाही, यावर त्याचं नियंत्रण फार थोडं उरतं. दहा सामन्यांतल्या ३७० प्रयत्नांत निव्वळ योगायोगाने ही टक्केवारी अडीच टक्के इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं आहे, आणि तीस संघांत एखाद्याची पाच टक्के सरकणं हेही अपेक्षितच. लीगचा पहिल्या क्रमांकाचा बचाव म्हणून जो संघ दिसतोय, तो नेमका तोच एखादा असू शकतो.

प्रतिस्पर्ध्यांची फ्री थ्रोची टक्केवारी तर पूर्णच नशिबाची. तिथे कुणी हात वर करून उभं राहत नाही. लीगची सरासरी ७८च्या आसपास असताना एखाद्या संघाविरुद्ध प्रतिस्पर्धी ७१ टक्केच टाकत असतील, तर तो फरक सरळ पुसून सरासरी लावायची.

मग लवकर भरवसा कशावर ठेवायचा? संघ जे स्वतः ठरवतो त्यावर. किती वेगाने खेळतात, एकूण फटक्यांतले किती थ्री, किती रिंगजवळचे, आक्रमक रिबाउंडसाठी किती जण आत घुसतात, चेंडू किती वेळा गमावतात, प्रतिस्पर्ध्याला रिंगजवळ किती येऊ देतात. ही प्रशिक्षकाची पसंती आणि खेळाडूंची घडण असते. ती दहा-बारा सामन्यांत बऱ्यापैकी उघड होते. एखाद्या संघाने गेल्या वर्षीपेक्षा सामन्यामागे चार टर्नओव्हर कमी केले असतील, तर ती सुधारणा टिकण्याची शक्यता थ्रीच्या टक्केवारीतल्या उडीपेक्षा कितीतरी जास्त.

विश्लेषक डीन ऑलिव्हर यांनी सामना जिंकण्याचे चार घटक सांगितले आणि त्यांना वजनंही दिली: फटक्यांची परिणामकारकता ४० टक्के, टर्नओव्हर २५, आक्रमक रिबाउंड २०, फ्री थ्रो १५. परिणामकारकता मोजताना थ्रीला दीडपट धरतात, म्हणजे झालेले फील्ड गोल अधिक झालेल्या थ्रींचे निम्मे, भागिले एकूण प्रयत्न. गंमत अशी की यांतला सर्वात वजनदार घटकच सर्वात उशिरा स्थिरावतो. म्हणून सुरुवातीची क्रमवारी लावताना चारही घटक वेगवेगळे मांडून पाहावेत. आघाडी नुसत्या फटक्यांच्या टक्केवारीवर उभी असेल तर तिचा थोडा भाग कापायचा. टर्नओव्हर आणि रिबाउंडवर उभी असेल तर बहुतेक तशीच ठेवायची.

स्वतःच्या संघाच्या थ्रीची टक्केवारी मधल्या जागी बसते. नेमबाज कोण आहेत हे माहीत असतं, त्यामुळे ज्याची कारकिर्दीतली सरासरी ३५ आहे तो महिनाभर ४७ टक्क्यांनी टाकतोय, तर उरलेल्या वर्षासाठी ३५-३६च धरायचे. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या तरुण खेळाडूच्या फ्री थ्रोची टक्केवारीही सोबत वाढली असेल तर नेमबाजी खरंच सुधारली असण्याची शक्यता जास्त, कारण फ्री थ्रो दरवेळी त्याच अंतरावरून, कुणाचाही अडथळा नसताना टाकला जातो.

समोर कोण होतं, कुठे आणि किती विश्रांतीनंतर

डेट्रॉइटच्या त्या दोन विजयांकडे पुन्हा पाहा. शार्लट त्या वर्षी २१-६१ वर संपलं, शिकागो ३९-४३ वर. तीन सामन्यांत एखादा कमकुवत संघ आला की सरासरी आकाशाला भिडते. पूर्ण वेळापत्रकात हे बरंचसं समतोल होतं, पण पूर्ण समतोल तिथेही नसतो. ८२पैकी ५२ सामने संघ आपल्याच कॉन्फरन्समध्ये (लीगच्या पूर्व किंवा पश्चिम गटात) खेळतो, ३० समोरच्या कॉन्फरन्सशी. एक बाजू कमजोर असेल तर तिथल्या संघांचा तक्ता वर्षभर थोडा गोड दिसतो.

प्रतिस्पर्ध्याची दुरुस्ती तत्त्वतः सोपी आहे. प्रत्येक संघाच्या गुणफरकात त्याच्या आतापर्यंतच्या प्रतिस्पर्ध्यांच्या आकड्यांची सरासरी मिळवायची. सगळे आकडे बदलले की नव्या आकड्यांनी तेच पुन्हा करायचं. आकडे हलायचे थांबेपर्यंत हे फिरवत राहायचं. स्प्रेडशीटमध्ये हे काही क्षणांचं काम आहे. सुरुवातीला यात एक खड्डा असतो. सहा सामन्यांनंतर प्रतिस्पर्ध्यांचे आकडेही तितकेच कच्चे असतात. कच्च्या आकड्यावर कच्चा आकडा रचला तर एखादा दुबळा संघ, निव्वळ दुसऱ्या दुबळ्या पण नशीबवान संघाला हरवल्यामुळे, पहिल्या पाचात दिसू लागतो. म्हणून पहिल्या वीस-पंचवीस सामन्यांपर्यंत प्रतिस्पर्ध्यांसाठी हंगामापूर्वीचा अंदाज मिसळलेला आकडाच वापरावा. तो कसा काढायचा ते पुढे येतं.

घरच्या मैदानाची किंमत पूर्वी तीन गुणांच्या वर धरत. आता अडीच धरणं योग्य. पंधरा सामन्यांत कुणी दहा घरी खेळलेला असतो, कुणी पाच. हंगामाअखेर दोघांचेही घरचे सामने साधारण ४१च होतील, पण आज हिशोबात फरक पडतो. सलग दोन रात्री खेळावं लागलं तर दुसऱ्या रात्रीसाठी एक ते दीड गुण धरावा. डेन्व्हर मात्र वेगळं प्रकरण आहे: मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर, आणि आदल्या रात्री दुसऱ्या गावी खेळून आलेला संघ तिथे चौथ्या क्वार्टरमध्ये धापा टाकताना दिसतो.

हंगामापूर्वीचा अंदाज फेकून देऊ नका

एका सामन्यातला गुणफरक संघाच्या खऱ्या ताकदीभोवती साधारण १२-१३ गुणांनी हेलकावे खातो. सामने वाढतील तसा सरासरीतला हेलकावा कमी होतो, पण हळूहळू: तो सामन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो. पाच सामन्यांनंतर साडेपाच गुण, दहानंतर चार, वीसनंतर पावणेतीन, चाळीसनंतर दोन. आता लक्षात घ्या, लीगमधल्या चांगल्या आणि सरासरी संघात अंतरच चार-पाच गुणांचं असतं. २०२४-२५च्या थंडरने सामन्यामागे १२.९ गुणांचा फरक राखला आणि १९७१-७२च्या लेकर्सचा १२.३चा विक्रम मोडला. ते टोक झालं. म्हणजे दहा सामन्यांनंतर आकड्यातली चूक ही मोजायच्या गोष्टीएवढीच मोठी असते.

ही पोकळी भरायला हंगामापूर्वीचा अंदाज लागतो. तो असा बांधता येतो. गेल्या वर्षीचा गुणफरक घ्या आणि त्याचा साधारण एकतृतीयांश भाग कापा, कारण टोकाचे संघ पुढच्या वर्षी सरासरीकडे सरकतात. मग खेळाडूंचे बदल जमा-वजा करा: अव्वल दर्जाचा, एमव्हीपीच्या (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या) तोडीचा खेळाडू संघाला सहा-सात गुणांचा असतो, सुरुवातीच्या पाचांतला साधारण चांगला खेळाडू एक-दीड गुणाचा, बाकावरचा नववा-दहावा जवळजवळ शून्याचा. पंचविशीच्या आतले खेळाडू सुधारतात, बत्तिशीपुढचे उतरतात. संघ कोणत्या वयाचा आहे त्याप्रमाणे अर्धा-एक गुण इकडेतिकडे.

आता मिश्रण. हा अंदाज पंधरा काल्पनिक सामन्यांइतक्या वजनाचा धरा. सूत्र असं:

(झालेले सामने × दुरुस्त गुणफरक + १५ × आधीचा अंदाज) ÷ (झालेले सामने + १५)

पाच सामन्यांनंतर प्रत्यक्ष खेळाला एकचतुर्थांश वजन मिळतं, पंधरानंतर निम्मं, पंचेचाळीसनंतर तीनचतुर्थांश. नवा प्रशिक्षक, निम्मा संघ नवा, अशी स्थिती असेल तर १५च्या जागी १० घ्या. तीच माणसं, तीच पद्धत असेल तर २०.

दोन संघ घेऊन पाहू. संघ ‘अ’ १२ सामन्यांत १०-२, गुणफरक +३.५, त्यातले आठ सामने घरी, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी −२. संघ ‘ब’ ८-४, गुणफरक +६, चारच सामने घरी, प्रतिस्पर्धी +१. घरच्या मैदानाचा हिशोब: ‘अ’ला बाहेरच्यापेक्षा चार सामने जास्त घरी मिळाले, चार गुणिले अडीच भागिले बारा, म्हणजे ०.८ वजा. ‘ब’ला तेवढेच अधिक. प्रतिस्पर्धी धरून ‘अ’ येतो ३.५ − ०.८ − २ = ०.७ वर, ‘ब’ जातो ६ + ०.८ + १ = ७.८ वर. आधीचा अंदाज ‘अ’साठी +५ होता, ‘ब’साठी +१. मिश्रण केल्यावर ‘अ’ +३.१, ‘ब’ +४.०.

तक्त्यात दोन विजयांनी मागे असलेला ‘ब’ इथे किंचित पुढे आहे. ‘किंचित’ हा शब्द महत्त्वाचा. नुसता या महिन्याचा खेळ पाहिला असता तर ‘ब’ सात गुणांनी पुढे दिसला असता, नुसती ख्याती पाहिली असती तर ‘अ’ चार गुणांनी. एका गुणापेक्षा कमी अंतर असलेल्या संघांना एकाच गटात ठेवावं. तीस क्रमांक छापायचे असतील तर जरूर छापा, पण सहावा आणि नववा यांच्यात वाद घालण्याइतका पुरावा नोव्हेंबरमध्ये कुणाकडेच नसतो. पहिल्या गटात दोन-तीन संघ, दुसऱ्यात सात-आठ, अशी मांडणी खरी माहिती जास्त प्रामाणिकपणे पोचवते.

कोण खेळलं होतं?

संघाचा आकडा म्हणजे त्या दिवशी मैदानात उतरलेल्या माणसांचा आकडा. सामन्यात एकूण २४० खेळाडू-मिनिटं असतात, पाच जण गुणिले ४८. मुख्य खेळाडू दहापैकी सहा सामने बाहेर असेल, तर त्या सहा सामन्यांत त्याच्या वाट्याचे गुण परत मिळवून हिशोब करावा. पेसर्सच्या १०-१५मध्ये हेच दडलं होतं. हे उलटंही करावं लागतं: पहिले पंधरा सामने सगळा संघ ठणठणीत असेल आणि मुख्य खेळाडू पस्तिशीचा, वर्षाला पंचावन्न सामने खेळणारा असेल, तर सुरुवातीचा आकडा वर्षभरासाठी खाली आणावा लागेल.

यातला सापळा म्हणजे ‘तो मैदानावर असताना +१४, नसताना −३’ असे आकडे. दोनशे मिनिटांचा हा फरक त्याच्याबद्दल थोडं आणि त्या मिनिटांत समोरच्यांनी थ्री कसे टाकले याबद्दल जास्त सांगतो. सुरुवातीच्या महिन्यात त्याच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदीवर विसंबणंच बरं.

आकडा कधी हलवायचा, कधी नाही

सलग विजयांची मालिका कितपत बोलते? २०१५-१६च्या गोल्डन स्टेट वॉरियर्सनी २४-०ने सुरुवात केली आणि ७३-९वर हंगाम संपवला. १९९३-९४चे ह्यूस्टन रॉकेट्स १५-०ने निघाले आणि विजेतेही झाले. २०२४-२५च्या क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सनी नवे प्रशिक्षक केनी ॲटकिन्सन यांच्या हाताखाली तशीच १५-०ची सुरुवात केली, आणि ६४-१८वर संपवलं. इतक्या लांब मालिकेमागे खरी ताकद असतेच. क्लीव्हलँडला नोव्हेंबरमध्ये वरच्या गटात ठेवणारे बरोबर होते. प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) दुसऱ्या फेरीत पेसर्सनी त्यांना ४-१ने हरवलं म्हणून ती क्रमवारी चुकली असं होत नाही. प्लेऑफमध्ये एकाच संघाशी सलग गाठ पडते, मुख्य खेळाडू चाळीस मिनिटं खेळतात, पायाच्या दुखऱ्या अंगठ्याने डॅरियस गार्लंडसारखा गार्ड बाहेर बसतो. तो अंदाज वेगळा बांधावा लागतो.

खराब सुरुवातीबाबतही तीच पद्धत. २०२१-२२चे बोस्टन सेल्टिक्स ५० सामन्यांनंतर २५-२५ होते, पण गुणफरक तेव्हाही अधिकच्या बाजूला होता. पुढचे ३२पैकी २६ जिंकून त्यांनी अंतिम फेरी गाठली. गुणफरक चांगला आणि तक्ता वाईट असेल तर थांबावं. तक्ता वाईट, गुणफरक वाईट आणि जायबंदी कुणीच नाही, असं असेल तर आधीच्या अंदाजाचं वजन कमी करायला हरकत नाही.

नोव्हेंबरमधल्या एनबीए कपच्या गटसामन्यांकडे जरा सावधपणे पाहावं. २०२३पासून ही स्पर्धा हंगामातच खेळली जाते: पाच-पाच संघांचे सहा गट, प्रत्येकी चार गटसामने, आणि गटात संघ बरोबरीत राहिले तर गुणफरकही मोजला जातो. त्यामुळे एरवी मुख्य खेळाडूंना बसवलं असतं अशा अठरा गुणांच्या आघाडीवरही संघ शेवटपर्यंत जोर लावतात. हे सामने नेहमीच्या हंगामात धरले जात असल्याने तो फुगलेला फरक सरासरीत येतो. या चार सामन्यांच्या शेवटच्या मिनिटांना वरची गाळणी लागत नाही, कारण मुख्य खेळाडू मैदानातच असतात. मोठ्या फरकाचे गटसामने वेगळे काढून हाताने तपासणं हाच उपाय.

आकडे रोज हलवण्यात अर्थ नाही. दहा सामन्यांनंतर एकदा, वीस-पंचवीसनंतर एकदा, चाळीसनंतर एकदा नीट बसून सगळं पुन्हा मांडावं. मधल्या काळात फक्त दोनच गोष्टींसाठी हात लावायचा: मोठी दुखापत आणि ट्रेड, म्हणजे संघांमधली खेळाडूंची अदलाबदल. उन्हाळ्यात करार केलेल्या बहुतेक खेळाडूंना १५ डिसेंबरपासून ट्रेड करता येतं, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या मुदतीपर्यंत संघांचे चेहरे बदलत राहतात. ट्रेडनंतर जुन्या सामन्यांचा आकडा तसाच पुढे नेला तर तो अस्तित्वात नसलेल्या संघाचा आकडा ठरतो. अशा वेळी आतापर्यंतच्या दुरुस्त आकड्यात नव्या-जुन्या खेळाडूंचा फरक मिळवून नवा ‘आधीचा अंदाज’ तयार करायचा, त्याला वीस-पंचवीस सामन्यांचं वजन द्यायचं आणि मोजणी शून्यापासून सुरू करायची. २००४च्या फेब्रुवारीत रशीद वॉलेस डेट्रॉइटमध्ये आला, आणि मार्चमध्ये त्या संघाने सलग पाच प्रतिस्पर्ध्यांना ७० गुणांच्या आत रोखलं. जूनमध्ये लेकर्सना ४-१ने हरवून त्यांनी विजेतेपद घेतलं. त्यांचे नोव्हेंबरचे आकडे त्यांच्याच जुन्या बचावाबद्दल होते.